पोटमाळ्यावरील राजकन्या

चित्रें हलूं लागलीं म्हणजे मुलें स्थिर होतात, हा प्रत्येक घरांतील वडील माणसांचा अनुभव आहे. आणि त्या स्थैर्याचा लाभ घेऊन आपलीं चार कामें उरकून घ्यावीं, एवढाच आमचाहि त्या चित्रांशीं आजवर संबंध होता. मागें एका दिवाळीच्या सुट्टींत आमची नात आठ दिवस राहावयास आली, आणि येतांच तिनें जपानी ‘ॲनिमे’ची एक जुनी मालिका लावली. आम्ही शेजारीं बसून फराळाचे डबे भरीत होतों. जपानी चित्रांतील मुलींचे डोळे चेहऱ्याच्या मानानें अवाजवी मोठे असतात आणि त्यांस पाणी फार लवकर येतें, असा आमचा ग्रह होता. तो खोटा ठरला असें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं दुपारीं नात झोपली असतां आम्ही एकट्याच त्या पडद्यापुढें बसलों, आणि पुढचा भाग कसा लावावयाचा हें न समजल्यामुळें तिला हळूच उठविलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

मालिकेचें नांव ‘शोकोजो सेरा’, म्हणजे छोटी राजकन्या सारा. निप्पॉन ॲनिमेशन ह्या संस्थेनें ती काढली, फुमिओ कुरोकावा हे तिचे दिग्दर्शक, आणि १९८५ सालीं जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारीं जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवरून तिचे ४६ भाग दाखविण्यांत आले. कथा मात्र मूळची जपानी नव्हे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट ह्या बाईंनीं १८८८ सालीं ‘सारा क्रू’ नांवाची लहानशी गोष्ट पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, पुढें तिचें नाटक केलें, आणि १९०५ सालीं तीच गोष्ट वाढवून ‘अ लिट्ल प्रिन्सेस’ ही कादंबरी लिहिली. बाईंचा जन्म मँचेस्टरचा. वडील त्यांच्या लहानपणींच वारले, घर खालावलें, आणि १८६५ त सारें कुटुंब अमेरिकेंत टेनेसी प्रांतीं गेलें. भरल्या घराची कळा कशी उतरते, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नसावें.

हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेंतला एक कॅप्टन आपल्या आईवेगळ्या मुलीस शिक्षणाकरितां लंडनला आणतो, येथून कथेस आरंभ होतो. कादंबरीच्या पहिल्याच पानावर ही मुलगी लंडनच्या धुक्यांत गाडींत बसून नुकत्याच केलेल्या प्रवासाचा विचार करीत असते, आणि ती बोट सुटलेली असते मुंबईहून. वाचतां वाचतां आपल्याच गांवचें नांव भेटावें, तसें आम्हांस तेथें झालें. पुढें येते मिस मिंचिन यांची निवडक मुलींची निवासी शाळा. ‘निवडक’ हा शब्द शाळेच्या पाटीवरच आहे, आणि निवड कशाची, तें लवकरच कळतें. कॅप्टन क्रू श्रीमंत आहे. मित्रासह हिऱ्यांच्या खाणींत त्यानें भांडवल घातलें आहे. म्हणून सारेला स्वतंत्र खोली, स्वतंत्र दासी, रेशमी झगे, आणि रस्त्यानें मुली दोघी दोघींच्या रांगेनें निघाल्या म्हणजे पहिल्या रांगेंतला मान. मुलगी स्वभावानें गोड आहे, पण तिला तो मान गोड स्वभावाबद्दल मिळालेला नाहीं. ही गोष्ट तिच्या स्वतःच्या ध्यानांत येते, आणि म्हणूनच आम्हांला ती आवडली. आपण चांगल्या आहोंत कीं आपणांवर वाईट होण्याचा प्रसंगच आला नाहीं, असा प्रश्न ती स्वतःला विचारते. हा प्रश्न विचारण्याचें वय तिचें नव्हे. ज्यांचें होतें, त्या मिंचिनबाईंनीं तो कधीं विचारला नाहीं.

पहिली ठिणगी पडते ती फ्रेंचच्या तासाला. मिंचिनबाई गृहीत धरतात कीं, ह्या मुलीला फ्रेंच येत नाहीं आणि शिकण्याची इच्छाहि नाहीं. सारा सांगूं पाहते. बाई बोलूं देत नाहींत. अखेर फ्रेंच शिक्षक येतात, आणि मुलगी त्यांच्याशीं अस्खलित फ्रेंचमध्यें बोलूं लागते, कारण तिची आई फ्रेंच होती. मिंचिनबाईंना स्वतःला ती भाषा येत नाहीं, आणि हें व्यंग झांकण्यांत त्यांचा जन्म गेलेला. वर्गांतील दोघी मुली हंसतात. बस्स, एवढेंच! पण शिक्षकाचा पेशा ज्यांनीं जवळून पाहिला आहे, त्यांस ह्या ‘एवढ्याच’चें वजन कळेल. विद्यार्थ्याच्या अज्ञानाची क्षमा शाळेंत रोज होते. त्याच्या ज्ञानाची क्षमा व्हावयास मात्र गुरूच्या अंगीं मोठें मन लागतें.

मग वाढदिवसाचा दिवस येतो. मेजवानी मांडलेली, मोठी बाहुली उघडलेली, आणि त्याच वेळीं शेजारच्या खोलींत वकील येऊन बातमी सांगतो कीं, कॅप्टन क्रू तापानें गेला आणि खाणींतील पैसाहि बुडाला. मिंचिनबाईंच्या मनांत पहिला विचार येतो तो मेजवानीच्या बिलाचा, कारण तो खर्च त्यांनीं पदरचा केलेला असतो. त्याच दिवशीं मुलीच्या अंगावर आंखूड झालेला काळा झगा चढतो, आणि ती पोटमाळ्यावर जाते. तिच्या शेजारच्या कोंदट खोलींत बेकी नांवाची भांडीं घासणारी पोर राहते. बाईंचा हिशेब अगदीं चोख आहे. फ्रेंच येणारी मुलगी लहान वर्गांना फुकट शिकवील, बाजारहाट करील, कोळसे वाहील, आणि बुडालेली रक्कम हळूहळू वसूल होईल. आम्ही त्यांस राक्षसीण म्हणण्याचें टाळतों. राक्षसिणी जमाखर्च ठेवीत नाहींत.

खरें कारस्थान करणारी ती लॅव्हिनिया. सारा येण्यापूर्वीं रांगेंतला पहिला मान हिचा होता. आमच्या इतिहासांत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आहे. एका अक्षराच्या फेरफारानें एक तरुण पेशवा मारला गेला, असें लोक सांगत आले. मुलींच्या शाळेंत तेवढ्या अक्षराचीहि गरज लागत नाहीं. बांकावर थोडें सरकून बसावें, दाराशीं बोलणें थांबवावें, ‘राजकन्या’ ही तिचीच लाडकी कल्पना चारचौघींत मोठ्यानें उच्चारावी, भागतें. सारेला दुःखांत तरून जाण्याचें एकच साधन ठाऊक आहे, आणि तें म्हणजे ‘समजा’ हा शब्द. समजा कीं, हा पोटमाळा म्हणजे बास्तीयचा तुरुंग आहे. समजा कीं, आपण वेष पालटलेली राजकन्या आहों, आणि राजकन्येला कोणी अपशब्द बोललें तरी तिनें उलट अपशब्द बोलावयाचा नसतो. लॅव्हिनिया नेमकें तेंच साधन हेरते. एका रात्रीं अर्मेंगार्ड ह्या मैत्रिणीला घरून आलेली खाऊची पेटी घेऊन तिघी मुली पोटमाळ्यावर चोरून मेजवानी मांडतात. लाल शालीचें मेजावरचें आच्छादन करतात. लॅव्हिनिया चहाडी करते, आणि मिंचिनबाई दारांत उभ्या राहतात. जपानी मालिकेनें तर ह्यापुढेंहि मजल मारली आहे. तींत लॅव्हिनिया सारेला कांहीं काळ आपली खासगी दासी करून घेते. पुढें सारेची रवानगी तबेल्यांत होते, आणि शेवटीं आगीचा आळ घेऊन तिला भर बर्फांत बाहेर काढतात. मूळ कादंबरींत हें नाहीं. कादंबरी दोन बैठकींत संपते. मालिकेला वर्षभराचे रविवार भरावयाचे होते, हें तर खरेंच, पण केवळ तेवढेंच कारण नसावें असें आम्हांस वाटतें.

जपानचें आणि ह्या गोष्टीचें नातें जुनें आहे. वाकामात्सु शिझुको ह्या बाईंनीं बर्नेटबाईंच्या ‘लिट्ल लॉर्ड फाँटलेरॉय’चा अनुवाद १८९० पासून एका स्त्रीशिक्षणविषयक नियतकालिकांतून केला, आणि त्यामागोमाग ‘सारा क्रू’हि जपानींत आणली. ह्या शिझुकोबाई लहानपणीं आईवेगळ्या झालेल्या, आणि योकोहामा येथील फेरिस ह्या मिशनरी कन्याशाळेंत वाढलेल्या. १८८२ सालीं तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेली ती पहिली विद्यार्थिनी. पोरक्या मुलीची आणि निवासी शाळेची गोष्ट जपानी भाषेंत यावी ती अशा हातून, हें आम्हांस फार शोभून दिसलें. पण मालिका निघाली तेव्हां शाळांतील छळाचा प्रश्न जपानांत प्रत्येक घरच्या चिंतेचा होऊन बसला होता. त्यांच्या भाषेंत ह्या छळाला ‘इजिमे’ म्हणतात. मालिका संपून महिना होतो न होतो तोंच, १९८६ च्या फेब्रुवारींत, तोक्यो येथील माध्यमिक शाळेंतल्या एका मुलानें ह्या छळापायीं आत्महत्या केली. त्यापूर्वीं वर्गानें तो मेलाच असें समजून त्याच्या अंत्यविधीचें सोंग केलें होतें, त्याला निरोपाचें पत्र लिहिलें होतें, आणि त्या पत्रावर शिक्षकांनींहि सह्या केल्या होत्या. ‘समजा’ ह्या शब्दाचें हें दुसरें टोंक. त्या शिक्षकांना मुलाचा द्वेष होता असें कोणी म्हणणार नाहीं. कागद फिरत फिरत पुढें आला, आणि त्यांनीं सही केली.

ह्या कथेला अद्भुत म्हणण्याचा प्रघात आहे, कारण मेजवानी मोडल्याच्या त्याच रात्रीं पोटमाळ्यावर चमत्कार होतो. सारा जागी होऊन पाहते तों शेगडींत विस्तव, अंगावर ऊबदार पांघरूण, मेजावर गरम जेवण. मुली त्याला जादू म्हणतात. ही जादू करणारा इसम आमच्या परिचयाचा आहे. शेजारच्या घरांत हिंदुस्थानांतून परतलेला एक आजारी इंग्रज राहतो, आणि त्याचा नोकर रामदास. ह्याचें माकड एकदां छपरावरून सारेच्या खिडकींत शिरतें, आणि सारा त्या माणसाशीं हिंदुस्तानींत बोलते. रामदास हें नांव ऐकतांच मराठी मन सज्जनगडावर जातें. पण हा रामदास सलाम करतो, आणि लेखिकेनें त्याला ‘लष्कर’, म्हणजे बोटीवरचा खलाशी, केलें आहे. साहेबाच्या बोटींवरचे हे खलाशी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरूनहि पुष्कळ जात, तेव्हां लंडनच्या ओल्या कौलांवरून मांजराच्या पावलांनीं चालणारा तो माणूस आमच्या बाजूचा असेल अशी कल्पना करण्याची मोकळीक आम्ही घेतों. मुलीनें ‘समजा’ म्हणावयाचें, आणि कोणा एकानें रात्रीं अपरात्रीं निसरड्या छपरावरून ओझीं वाहून तें खरें करावयाचें, असा ह्या जादूचा व्यवहार आहे. खटकतें तें इतकेंच कीं, सारेच्या आठवणींतला हिंदुस्थान म्हणजे वाकून सलाम करणाऱ्या माणसांची रांग आहे, आणि हिऱ्यांच्या खाणी कथेंत इतक्या वेळां येतात तरी त्या खणणारे हात एकदांहि दिसत नाहींत. तरीहि एक सांगावयास हवें. भर पावसांत, दिवसभर उपाशी असतां, सारेला चिखलांत चार पेनींचें नाणें सांपडतें. पाववाली दयेनें चाराऐवजीं सहा पाव देते, आणि दारांतल्या भिकारी पोरीला सारा त्यांतले पांच देते. तो प्रसंग जपानी चित्रकारांनीं घाईनें उरकलेला नाहीं, आणि आमचे फराळाचे डबे त्या दिवशीं अर्धेच भरले गेले.

पण पाणी आलें तें त्या पावांमुळें नव्हे. तें आलें पंगतीच्या दृश्यामुळें. शाळेच्या भोजनगृहांत सारा काळ्या झग्यांत वाढते आहे, आणि कालपर्यंत तिच्याबरोबर जेवणाऱ्या मुली आपापल्या ताटाकडे पाहत आहेत. येथवर आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलों, तें मासिकांच्या रिवाजास धरून. येथून पुढचें ‘आम्ही’ मात्र खरेंच बहुवचन आहे; कारण आम्ही नऊजणी होतों. पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट. मुलींच्या वसतिगृहांतील एक लांबट खोली, दहा खाटा, दहा ट्रंका. त्यांपैकीं एकीचे वडील कंत्राटदार होते. दर महिन्याला तिच्या घरून डबा येई, आणि तो आम्ही सर्वजणी मिळून संपवीत असूं. तुपांतले बेसनाचे लाडू, अनारसे, आणि तळाशीं कागदांत बांधलेल्या खोबऱ्याच्या वड्या. त्या वड्या आम्हांला आवडतात म्हणून ती आमच्यासाठीं दोन मुद्दाम काढून ठेवी. मग एके वर्षीं डबा येईनासा झाला. वडिलांना कामांत खोट आली होती. सहामाहीची फी थकली, आणि व्यवस्थापिकाबाईंनीं, त्यांच्या मतें उदार होऊन, तिला असें सांगितलें कीं, सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरांत मदत करावी आणि पंगत वाढावी, म्हणजे जेवणाचे पैसे माफ होतील.

ती वाढावयास आली त्या पहिल्या संध्याकाळीं आम्ही काय केलें? कांहीं नाहीं. ताट पुढें केलें. तिनें भात घातला, वर वरण घातलें, आणि सवयीनें आम्हांला लागते तशी तुपाची धार थोडी अधिक सोडली. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहिलें नाहीं. संकोचानें पाहिलें नाहीं, असें आम्ही पुष्कळ वर्षें स्वतःस सांगत आलों. कादंबरींतली मंद, जाडी, अभ्यासांत मागें असलेली अर्मेंगार्डहि प्रथम अशीच संकोचते, कांहींतरी भलतेंच बोलून जाते; पण मग तिला राहवत नाहीं, आणि एका रात्रीं ती जिना चढून पोटमाळ्यावर जाते. आमच्या खोलींत जिना नव्हता. तिची खाट आमच्या खाटेपासून सहा पावलांवर होती.

पुढें एका मुलीचें फौंटनपेन हरवलें. ही मुलगी म्हणजे आमची लॅव्हिनिया असें म्हणण्याचा मोह होतो, पण ती तशी दुष्ट नव्हती; पेन मामानें दिलेलें होतें आणि ती रडत होती. “हल्लीं खोलींत कोणाला पैशांची नड आहे?” एवढेंच कोणी तरी हळू आवाजांत विचारलें. कोणाचेंहि नांव घेतलें गेलें नाहीं. व्यवस्थापिकाबाई आल्या, आणि एकच ट्रंक उघडण्यांत आली. दोन परकर, पोलकीं, वह्या, आणि तळाशीं तो लाडवांचा डबा, घासून पुसून कोरडा केलेला, आंत वर्तमानपत्राचा कागद घातलेला, रिकामा. घरून पुन्हा कधीं काळीं येईल त्यासाठीं ठेवलेला असावा. पेन नव्हतें. बाईंनीं झांकण लावलें, आणि “बरें, अभ्यासाला लागा,” असें म्हणून त्या गेल्या.

पेन दोन दिवसांनीं सांपडलें, खिडकीच्या मागें, बाहेरच्या पन्हळींत पडलेलें. आणि आतां जें सांगावयाचें तें सांगतों. त्या आदल्या रात्रीं दिवे मालवण्यापूर्वीं तें पेन मालकिणीनें स्वतः खिडकीच्या कडेवर ठेवलेलें आम्ही पाहिलें होतें. ट्रंक उघडली जात असतां तें आमच्या ध्यानांत होतें. “खिडकींत पाहा,” हे दोन शब्द पुरले असते. आम्ही चोरी केली नाहीं, चहाडी केली नाहीं, कोणास दुखविलें नाहीं. शब्द तोंडांत तयार होते, आणि नऊजणींतून एकीनें बोलावयाचें म्हणजे तिच्या बाजूस जाऊन उभें राहावयाचें, हें आम्हांस समजत होतें. वार्षिक परीक्षेपूर्वींच तिनें शाळा सोडली. जातांना ट्रंक उचलावयास आम्ही हात लावला, तेव्हां ती म्हणाली, “राहूं दे, जड नाहीं.” त्यानंतर तिची गांठ पडली नाहीं. आम्ही तिचा शोध केला असेंहि नाहीं.

कादंबरीचा शेवट न्यायाचा आहे. रामदासाचा धनी तोच निघतो ज्यानें कॅप्टन क्रूचा पैसा बुडाला असें समजून पळ काढलेला असतो. खाणींत हिरे सांपडलेले असतात. सारा त्याच्या घरीं राहावयास जाते, आणि मिंचिनबाई हात चोळीत बसतात. जपानी मालिकेंत मात्र सारा मिंचिनबाईंना क्षमा करते, बुडत्या शाळेला एक लक्ष पौंडांची देणगी देते, त्याच शाळेंत विद्यार्थिनी म्हणून परत येते, आणि लॅव्हिनियेशींहि हात मिळविते. आमच्या नातीला ह्याचा अतिशय राग आला. “एवढं सगळं करून त्यांना काहीच नाही?” असें म्हणून तिनें उशी आपटली. पहिल्यानें आम्हीहि तिच्याच पक्षाच्या होतों. बर्नेटबाईंचा शेवट पाहतांना गुन्हेगार आपण नव्हे असें समजून सुखानें बसतां येतें. ह्या दुसऱ्या शेवटांत तें सुख नाहीं, कारण तेथें क्षमा सर्वांना सरसकट वांटली जाते, न मागणाऱ्यांनासुद्धां. आणि भोजनगृहांतल्या त्या सर्व मुली, ज्यांनीं कधींहि कांहींहि केलें नाहीं, त्याहि टाळ्या वाजवावयास हजर असतात.

शेवटच्या भागांत सारा बेकीला बरोबर घेऊन हिंदुस्थानच्या बोटींत बसते. नातीनें डोळे पुसले आणि एकाएकीं विचारलें, “आजी, तूही होस्टेलमध्ये होतीस ना? तू कोणासारखी होतीस? सारा का अर्मेंगार्ड?” हें पोर उत्तराची वाट पाहत असतें, हा तिचा मोठा दुर्गुण. अशा मालिकांचें काम काटकसरीचें असतें, हें तिनेंच आदल्या दिवशीं आम्हांस समजावून दिलें होतें. एकेका सेकंदाला पुष्कळ चित्रें काढावीं लागतात, म्हणून जी बोलते तिचे तेवढे ओंठ हलवावयाचे, आणि मागें बसलेल्या मुली एकदांच रंगवून तशाच ठेवावयाच्या. आम्ही म्हटलें, “त्या मागच्या असतात ना, न हलणाऱ्या, त्यांतली एक.”

आम्हांस वाटलें, ती हंसेल. तिनें कांहीं न बोलतां मालिका मागें नेली, पंगतीचें तें दृश्य काढलें, चित्र तेथेंच थांबविलें, आणि पडद्याजवळ जाऊन ताटांवर मान घातलेल्या मुलींवरून एकेक करीत बोट फिरवूं लागली. “हिच्यातली नक्की कुठली?” तिनें विचारलें. “ही का?”